निशाणावरची बारावी चांदणी

अँब्रोज टॉलिव्हर जॉर्जियातल्या एका लहानशा काळ्यांच्या चर्चचे डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे. दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या गावच्या प्रत्येक लेकरामागे एक, अशा अकरा निळ्या चांदण्या त्यांनी वेदीशेजारच्या निशाणावर शिवून घेतल्या होत्या. त्यात त्यांच्या मुलाची, बस्टरची होती. थोरली लेक अर्नेस्टीनही फौजेत गेली, तिची मात्र नव्हती. "फौज पोरी कशाला नेते ते मला शिकवू नका," असं त्यांनी शिवणाऱ्या ओडेसाबाईंना भर चर्चमध्ये सुनावलं होतं.

आणि शनिवारी बस्टरचं पत्र आलं.

"बाबा, तुमचं नाताळचं पत्र आत्ता मिळालं. पाकिटावर नुसतं 'बस्टर, अमेरिकन फौज'. इथे बस्टर काय एकटा मीच आहे? असली पत्रं इंग्लंडात आपल्या काळ्या पोरींची पलटण उघडून वाचते आणि पत्र कुणाचं ते हुडकते. आता त्याखाली माझं पूर्ण नाव नि नंबर घातलाय, ते अक्षर अर्नेस्टीनचं आहे."

डीकनांनी ती ओळ पुन्हा वाचली. नाताळच्या त्या पत्रात काय लिहिलं होतं ते त्यांना पाठ होतं: तुझ्या बहिणीनं आपलं नाक कापलं, तिचं नाव या घरात निघत नाही. पोरीनं ते वाचलं, आणि भावाला नीट पोचतं केलं. मागच्याच आठवड्यात तिचं पत्र आलं होतं. 'छप्पर गळायचं थांबलं का? गुडघ्याला तेल लावत जा, बाबा.' त्याला उत्तर गेलं नव्हतं.

रविवारी पास्टरांना प्रवचनात सूर सापडला, शब्दांनी चाल धरली. उधळ्या लेकराची कथा: घर सोडून भरकटलेला पोरगा परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो. "बाप धावला," पास्टर गायले. "धावला," बाकं गर्जली. दर रविवारी पहिला प्रतिसाद डीकनांचा असायचा. आज ते निशाणाकडे बघत राहिले. त्यांच्या घरात भरकटला होता तो बापच.

उपासना संपल्यावर ते ओडेसाबाईंपाशी गेले.

"एक चांदणी पाहिजे."

बाईंनी आधीच कापून ठेवलेली निळी चांदणी आपल्या बायबलाच्या पानांतून काढली. "वर्ष झालं, ठेवलीय. आणा, लावते."

"नको. सुई द्या."

"डीकन, जन्मात कधी बटण तरी लावलंय का?"

"नाही."

टाके वेडेवाकडे पडत होते. दारापाशी निघालेली माणसं थबकली. कुणीतरी विचारलं, "ही कुणाची?"

"माझ्या लेकीची," डीकन पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," ओडेसाबाई शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

मान वर न करता त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी नावानिशी.