गोवजीचा जटायू

चैत्राची पहाट. डोंगराच्या कडेवर केशराची बारीक रेघ उमटली होती आणि मोहफुलांचा गोड, जडावलेला गंध पाड्यावर रेंगाळत होता. रात्रभर जागलेल्या मशाली पिवळ्या पडल्या होत्या; संबळ तेवढा ताजा होता. बोहाड्यातलं, मुखवट्यांच्या त्या रात्रभराच्या उत्सवातलं, शेवटचं सोंग यायचं राहिलं होतं. जटायूचं.

हे सोंग गोवजीच्या घराण्याचं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मुखवटा, रक्तवर्ण चोच, शुभ्र भुवया, बाहूंना बांधायचे बांबूच्या कामट्यांचे विशाल पंख. मिसरूड फुटल्यापासून गोवजी ते नाचत आला होता. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुखवटा हिरामणच्या, थोरल्या पोराच्या माथ्यावर चढला आणि गोवजी मोठेपणी प्रथमच बघ्यांच्या गर्दीत, बायको जेठीशेजारी बसला. सोंगाबरोबर आपणही संपलो, असं त्याला मनातून वाटत होतं.

"पोराला पडता येतं का बघू," तो गुरगुरला. "नाचता कोणालाबी येतं. पडणं शिकावं लागतं."

"तुम्हाला नाचता येईना, म्हणून आता अंगण वाकडं होय?" जेठी म्हणाली.

आणि जटायू आला. धुळीतून आला, धुरातून आला, पंखांनी पहाट ढवळत आला. रक्तचंचू, हरिद्राभाल, आकाशवेडा तो पक्षिराज! गोवजी बघतच राहिला. डोळ्यांच्या दोन फटींतून त्याला आजवर फक्त समोरची धूळ आणि रावणाचे पाय दिसले होते. बाहेरून हे पाखरू त्यानं पोरवयानंतर कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढा मोठा दिसतो?"

"दर साली दिसतो," जेठी म्हणाली.

रावणाची तलवार फिरली. एक पंख गळला. गोवजी मनातल्या मनात पडण्याची एकेक पायरी मोजू लागला. आधी गुडघा, मग छाती, मग सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, चोच. हिरामण तसाच पडला. संबळ थांबला. गोवजीनं शेजारी पाहिलं, तर जेठीचे डोळे भरलेले.

"दर साली रडतेस?"

"मग? माझा माणूस पडायचा तिथं."

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

पडलेल्या पाखराला घरच्या बाईनं पाणी पाजायचं, ही रीत. जेठी तांब्या घेऊन उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळली. तांब्या तिनं नवऱ्यापुढे धरला. गर्दीत कुजबुज झाली. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

गोवजी कण्हत उठला, धुळीत पाखराजवळ टेकला. चोचीआडून दबका आवाज आला, "बा, बरा पडलो ना?"

"पाणी पी," गोवजी म्हणाला. "पाखरं बोलत नसतात."

त्यानं तांब्या कलता केला. लाल चोचीवरून पाणी ओघळलं, धुळीत मुरलं. आणि डोंगर ओलांडून आलेलं कोवळं ऊन पाखरावर पडलं, पोरावर पडलं, बापाच्या हातावर पडलं.