बिनवेसणीची गाडी

“हे सांगितलं तर जगात कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, म्हणून मी ते कुणाला सांगतच न्हाई,” भाऊसो म्हणाला आणि लगेच सांगायला बसला.

बसला म्हणजे खरोखरच बसला. आष्ट्यातल्या त्याच्या गॅरेजच्या दारात भंगारातल्या एका जीपचं सीट टाकलेलं होतं. त्यावर तो टेकला तेव्हा कुरकुर झाली ती स्प्रिंगांची की त्याच्या गुडघ्यांची, हे समोरच्या दोघांना कळलं नाही. अलीकडे त्याला स्वतःलाही कळत नसे.

समोरच्या दोघांपैकी एक सातारची शिवांजली. जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, निळीशार, आठ सिलिंडरची परदेशी गाडी अंगणात उभी होती ती तिची. दुसरे तिचे चुलते लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ऊस आणि झोप, दोन्ही मनापासून करणारे. पुतणीसोबत घरचं कुणीतरी असावं म्हणून ते आले होते आणि आल्यापासून खुर्चीत पेंगत होते.

भाऊसोवर गोष्ट सांगायची पाळी आली ती अशी.

शिवांजलीला गाडीतली टॉर्क मॅनेजमेंट काढून हवी होती. ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलते तेव्हा तिच्यातला कॉम्प्युटर इंजिनाला क्षणभर आवरून धरतो. ताकद थोडी कापतो, गिअर नीट बसला की परत सोडतो. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली तरी तेच करतो. गाडी बनवणाऱ्यांनी ही व्यवस्था ठेवली ती गिअरबॉक्सच्या आणि चालवणाऱ्याच्या जिवासाठी. पण चालवणारा तरुण असला की त्याला वाटतं, आपण दिलेला हुकूम मधल्यामधे कुणी कारकून दाबून ठेवतोय.

“दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना गाडी श्वास धरती, काका,” शिवांजली सकाळी आल्या आल्या म्हणाली होती. “मागच्या शर्यतीला तिथंच ऋषिराज पुढं निघाला. फकस्त बॉनेटभर! या रविवारी वडूजकडच्या माळावर परत शर्यत हाय. तेवढी वेसण काढून टाका.”

भाऊसोनं ते ऐकलं आणि भर सकाळीच त्याला दुपार झाल्यासारखं वाटलं.

वेसण हा शब्द त्याचाच. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यानं लॅपटॉप आणि वायरी घेऊन हे गॅरेज टाकलं, तेव्हा कुणा एका पोराला ही टॉर्कची भानगड समजेना. भाऊसो धनगराचा, त्याला जनावराच्या भाषेत बोलायची सवय. “बैलाच्या नाकात वेसण असती न्हवं, तसं हाय हे,” असं तो सहज म्हणून गेला. पोराला समजलं. पोरानं दुसऱ्याला सांगितलं. बघता बघता सांगलीपासून साताऱ्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या बुडाखाली तगडी गाडी होती त्या प्रत्येकाला आपल्या गाडीच्या नाकात वेसण आहे हे कळलं. आणि एकदा नाकात वेसण आहे म्हटल्यावर ती कुणाला ठेवावीशी वाटणार? त्या दिवशी आपण ‘वेसण’ऐवजी ‘गुडघ्याचा सांधा’ म्हणालो असतो तर एकही मायेचा पूत तो काढून द्या म्हणत आला नसता, असं भाऊसोला नंतर हजारदा वाटलं. पण शब्द गेला होता. आता आयुष्यभर वेसणीला नको नको म्हणत बसायचं, एवढंच हातात होतं.

“पोरी, शर्यतीच्या बैलाची तरी वेसण काढत्यात का?”

“कासरा तर सैल सोडत्यात की!”

“सोडत्यात. वेसण ऱ्हाती.”

“बैलाला गिअर नसत्यात, काका.”

“गिअरबॉक्स फुटंल.”

“फुटू दे. रविवार झाल्यावर फुटू दे.”

“त्याला रविवार कुठला ते कळत न्हाई,” भाऊसो म्हणाला. “आणि गिअरबॉक्सचं सोड. एवढी ताकद एका दमात मागच्या चाकांवर आली की गाडीचं शेपूट पुढं येतं. त्या माळाच्या दोन्ही अंगाला दगडी बांधाच्या ताली हायत. त्या तालींवर माणसं बसल्याली असत्यात.”

“मला गाडी आवरती.”

“तुला आवरती ती वेसणीमुळं आवरती.”

शिवांजलीनं मोबाइल काढला. रागानं नाही, अगदी नम्रपणे. “तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, काका. माझा राग न्हाई. पुण्यात एकजण हाय, तासाभरात करून देतो म्हणालाय.”

इथं भाऊसो अडकला. पुण्यातला तो एकजण कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, पण असले एकजण काय करतात हे ठाऊक होतं. कॉम्प्युटर उघडायचा, ताकद कापायच्या सगळ्या रकान्यांत शून्य भरायचं, गाडीवरून कौतुकानं हात फिरवायचा आणि गिऱ्हाईक मोकळं सोडायचं. मग रविवारी माळावर ही पोर, ती ताकद आणि त्या ताली. नाही म्हणावं तर ती आत्ताच्या आत्ता पुण्याला जाणार. शिवाय नाही म्हणायला, मग समजावायला, मग भांडायला जो दम लागतो तो भाऊसोकडे उरला नव्हता. खोटं बोलायला तेवढा लागत नाही.

“जमत न्हाई कोण म्हणलं? लाव गाडी आत,” तो म्हणाला.

त्यानं लॅपटॉप जोडला. टॉर्कचे रकाने उघडले, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि शिवांजली टायरमधली हवा बघायला वाकली तेव्हा ते जसेच्या तसे बंद केले. मग त्यानं पायाखालच्या पेडलचा रकाना उघडला. पाव दाबलं की अर्धं दाबल्यासारखी गाडी पळेल असं केलं. यानं गाडीची ताकद केसभरही वाढत नाही. चहात साखर तेवढीच, फक्त ढवळून दिलेली. पण पहिला घोट घेणाऱ्याला काय वाटायचं ते वाटतंच.

शिवांजली लालासाहेबांना घेऊन इस्लामपूरच्या बाजूला एक फेरी मारून आली. उतरली तेव्हा तिचं तोंड फुललेलं होतं.

“काका! नुसता पाय ठेवला तर उडायला लागली!”

“माझी टोपी मागच्या काचंला जाऊन चिकटली,” लालासाहेब म्हणाले. झोप मोडल्याचं दुःख त्यांच्या आवाजात होतं. “काय काढलंस रं हिच्यातनं, भाऊसो?”

“वेसण,” भाऊसो म्हणाला आणि हात पुसायला वळला. आता ही दोघं गेली की शटर अर्धं ओढायचं आणि तासभर आडवं व्हायचं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

“आत्ता गावातनं जाताना दाबली न्हाई पुरती,” शिवांजली म्हणाली. “पेठ नाक्यावरनं हायवेला लागलो की बघते. दुसऱ्यातनं तिसऱ्यात, पाय पार तळाला टेकवून.”

भाऊसोचा हात फडक्यातच राहिला. पाय तळाला टेकला की तिला कळणार. गाडी श्वास धरणार, तसाच, तिथंच. आणि हायवेवरून पुणं काही लांब नाही. रविवारी शर्यत सुटल्यावर कळलं तर चालेल. मग ती हरेल, त्याच्या नावानं बोटं मोडेल, जमलं तर येऊन शिव्या देईल. शिव्यांचं त्याला काही नव्हतं. त्या बसून ऐकता येतात. पण रविवारपर्यंत तिचा पाय तळाला जाता कामा नये.

“हायवेला?” तो म्हणाला. “बिनवेसणीची गाडी हायवेला तळाला दाबायची? त्या जयराजचं काय झालं ते ठावं न्हाई व्हय तुला?”

“कोण जयराज?”

आणि मग त्यानं ते, जगात कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून कुणालाच सांगत नाही ते, सीटवर बसून सांगायला घेतलं.

“वडूजचा जयराज. हिच्यासारखीच गाडी, रंग तांबडा. पुण्यातनंच वेसण काढून आणत हुता. शिरवळपर्यंत गुमान आला. खंडाळ्याच्या पुढं आला…”

“लोणावळ्याजवळचं खंडाळा?” लालासाहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

“आवं लालासाहेब, आपलं खंडाळा! खंबाटकीच्या पायथ्याचं. तिथं रस्ता मोकळा दिसला आणि ह्यानं पाय टेकवला तळाला. तर गाडी जागची हललीच न्हाई.”

“का?” शिवांजलीनं विचारलं.

“रस्ताच मागं गेला. चाकांनी वढला गं! पोरगं झोपंत लाथा झाडतं आणि पायाखालची वाकळ गोळा हुती न्हवं, तसा डांबरी रस्ता मागं जाऊन गोळा झाला. तिथं आता उंचवटे हायत बघ. लोकांस्नी वाटतं सरकारनं बांधल्यात. असलं वेडंवाकडं सरकार तरी बांधंल व्हय?”

“तरीच!” लालासाहेब म्हणाले. “दर खेपंला तिथं माझं कंबरडं मोडतंय.”

शिवांजली हसायला लागली. भाऊसो जरा सावरून बसला. हसू उपयोगाचं नव्हतं. पण एवढी वर्षं तो हसवतच आला होता, आणि दमलेल्या माणसाचं तोंड ओळखीच्या वाटेनंच चालतं.

“मग सुटली. घाटाच्या पायथ्याला ह्यानं हॉर्न वाजवला, तो ऐकू आला मध्याला. ह्याला वाटलं मागनं कुणीतरी साईड मागतंय. तवा गडी डाव्या अंगाला झाला आणि स्वतःलाच साईड दिली!”

“काका, पुरे हां!” शिवांजली पोट धरून हसत होती. “आता तर हायवेला दाबायलाच पायजे. मलाबी माझा हॉर्न ऐकू दे.”

झालं ते उलटंच झालं. भाऊसोनं डोळे मिटले. मान दुखत होती, पाठ दुखत होती, आणि ही पोर हसत हसत गाडीत बसून पुण्याला जाणार होती. हसवण्यातून काही होत नाही म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला.

“ऐक की पुढचं. वरच्या वळणावर ह्यो पोचला तवा समोरनं एस्टी आली.”

हसू थांबलं.

“गच्च भरल्याली. बायामाणसं, पोरंबाळं, टपावर गाठोडी. ह्यानं पाय काढला, तर इंजिन थांबंना. वेसणच न्हाई तर कशानं थांबंल? शेपूट पुढं आलं. गाडी आडवी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधी ह्यो, आडवा.”

हे सांगताना भाऊसोला फार जुळवावं लागलं नाही. तरुणपणी फौजेचे ट्रक त्यानं त्या घाटातून कितीदा चढवले होते, उतरवले होते. वळण घेताना समोर अचानक उगवणारं ते बोथट तांबडं तोंड, करकचून लागलेले ब्रेक, खिडकीत गोठलेली तोंडं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आपोआप येत होतं. तो फक्त वाचून दाखवत होता.

“एस्टीचा डायव्हर, त्याच्या तोंडावर रगात न्हवतं. हातभर जागा ऱ्हायली मधी. हातभर! खिडकीत एक बाई बसल्याली, मांडीवर बारकं पोर. जयराज सांगत हुता, त्या पोरानं माझ्याकडं बघून हात हलवला. त्या दिवसापास्नं ह्यानं गाडीची चावी हातात धरली न्हाई. आता म्हशी सांभाळतो.”

शिवांजली गाडीकडे बघत होती. अंगणातल्या पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजत होती.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “न्हाई दाबत. रविवारपर्यंत न्हाई दाबत.”

भाऊसोच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. शटर, चटई, तासभर. तो उठायला लागला.

“कवाची रं गोष्ट ही?” खुर्चीतून आवाज आला. लालासाहेबांचे डोळे उघडे होते, आणि पूर्ण उघडे होते.

“ही? ही… गेल्या दिवाळीची.”

“जयराज पुण्याकडनं येत हुता न्हवं?”

“व्हय की.”

“आणि समोरनं एस्टी आली.”

“गच्च भरल्याली.”

“आरं गड्या,” लालासाहेब म्हणाले, “रस्ता गोळा झाला, म्हणलं आसंल. हॉर्न मागनं आला, म्हणलं तेबी आसंल. पर त्यो घाट एवढी वर्सं झाली वन-वे हाय! पुण्याला जाणारं सगळं बोगद्यातनं जातंय. समोरनं एस्टी आणलीस कुठनं तू?”

भाऊसो अर्धा उठलेला तसाच राहिला, एक हात सीटवर, एक गुडघ्यावर. त्याच्या डोक्यातल्या घाटात गाड्या अजून दोन्ही बाजूंनी येत-जात होत्या.

शिवांजलीनं भाऊसोकडे बघितलं. मग अजून उघड्या असलेल्या लॅपटॉपकडे. मग निळ्या गाडीकडे.

“काका!” ती ओरडली. “म्हणजे मी तळाला दाबू नये म्हणून ही थाप! माझी वेसण काढल्यालीच न्हाई तुमी!”