एकही विकायची नाही

टेलरमावशींच्या परसात चौदा कोंबड्या होत्या. सोमवारी सकाळी खुराडं उघडलं, तर तांबडी बाहेरच आली नाही. मान पाठीकडे पिळवटलेली, खाली हिरवी हगवण. दुपारपर्यंत ती गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी पंख पाडून, चोच उघडी टाकून श्वास ओढू लागल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई बघताक्षणी म्हणाल्या, "मानमोडी. एकीची दुसरीला लागते, औषध नाही. लस दिली होती?"

"नाही. एवढ्याशा कोंबड्यांना कसली लस, असं वाटलं. त्यात गेल्या आठवड्यात बाजारातून एक आणली, तीही तशीच यांच्यात सोडली. चूक माझीच."

संध्याकाळी धाकटे दीर कोंबडीवाल्याला टेम्पोसकट घेऊन दारात हजर.

"वहिनी, दहा अजून धडधाकट दिसतात. आजच काढून टाका. उद्या हाती पिसंसुद्धा लागायची नाहीत."

"आणि हे कुठे नेणार त्यांना?"

"बाजारात," कोंबडीवाला म्हणाला. "घेणारे तिथे चिक्कार."

"म्हणजे माझ्या घरचा रोग दहा घरी. एकही विकायची नाही."

"तुम्ही एकट्या जग सुधारणार होय?" कोंबडीवाला हसला.

"जगाचं जग बघेल. माझ्या फाटकातून हा रोग बाहेर पडणार नाही. टेम्पो मागे घ्या!"

दीर खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, झाकली मूठ राहू दे."

"झाकल्या मुठीतूनच पसरतो हा, भाऊजी."

मावशींनी अस्तराचा पांढरा तुकडा फाटकाला टाचला. त्यावर ठळक लिहिलं: इथे मानमोडी आहे. आत येऊ नका. आपापल्या कोंबड्यांना लस द्या.

गल्लीत बोंब झाली. समोरची शेजारीण कडाडली, "तुमच्या पाटीमुळे आमची अंडीही कोणी घेईना!"

मावशी स्वतः कुणाच्या परसात जाईनात. चपलांनाही रोग चिकटून जातो. फाटकातूनच ओरडल्या, "शिव्या सावकाश द्या! डॉक्टरीणबाई कोपऱ्यावर आल्यात. आधी लस!"

शेजारीण पुटपुटत का होईना, कोपऱ्यावर गेली.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मेलेली प्रत्येक कोंबडी खोल खड्ड्यात, वर चुना. तांबडीला पुरताना मावशी रडल्या नव्हत्या; सहावीला मात्र हुंदका फुटला. त्या दिवशी दीर फावडं घेऊन आले. पुढचे खड्डे त्यांनीच खणले.

चौदातल्या तीन वाचल्या. गल्लीत दोन घरी रोग पोचलाच; एका घरी लस उशिरा झाली होती. बाकीची परसं वाचली. शेजारणीने आभार मानले नाहीत, पण कोंबड्या मोकळ्या सोडण्याआधी ती फाटकाशी येऊन विचारून गेली.

"आता पुरे ना हा व्याप?" दीरांनी विचारलं.

मावशी खुराड्याला चुना फासत होत्या. "पुरे कशाला? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की नवी पिल्लं आणणार. लस टोचूनच. आणि नव्यांना सुरुवातीला वेगळं ठेवायला दुसरं खुराडं लागेल. जाळी तुम्ही आणा, ठोकायचं मी बघते."