एकच बाटली, सगळ्यांचे डोळे

मी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली बोलतेय. मुठीत मावेन एवढीच आहे, पण जिवाची नुसती घालमेल चाललीय, म्हणून घाईघाईनं सांगून टाकते.

मला शिलाईच्या कारखान्यात आणलं ते मावशींनी. शिवलेले कपडे तपासणं हे त्यांचं काम आणि सगळ्यांची काळजी वाहणं ही त्यांची हौस. काजं करणाऱ्या मुलीचे डोळे आले होते. लाल, चिकट, सुजलेले. मावशींनी तिची मान मागे करून थेंब सोडला, तेव्हा माझं टोक तिच्या पापणीला टेकलं. तिच्या डोळ्यातलं पाणी टोकाला तसंच राहिलं आणि वर टोपण बसलं.

"आता तुम्हीही एकेक थेंब घालून घ्या गं," मावशी बाकीच्या बायकांना म्हणाल्या. "आधीच बंदोबस्त केलेला बरा."

मी आतल्या आत ओरडत होते, पण बाटलीचं ऐकतंय कोण! एकीची पापणी झाली, मग दुसरीची. मावशी थेंब सोडत होत्या औषधाचे आणि मी वाटत होते आजार. बघता बघता अख्खी रांग डोळे चोळायला लागली. खापर फुटलं ते त्या मुलीवर. "हिच्याकडे बघितलं की डोळे येतात," असं म्हणून तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. अहो, बघितल्यानं नाही येत! हात, रुमाल, टॉवेल आणि माझ्यासारख्या सगळ्यांत फिरणाऱ्या वस्तू, आमच्यावरूनच तो रोग पसरतो.

आज मावशींनी मला पर्समध्ये टाकून घरी आणलं. तान्ह्या नातीचा डोळा सकाळी जरा चिकटलेला दिसला होता. त्यांनी टोपण काढून बाळाची पापणी अलगद वर केली.

"आई, थांबा!" सून हातातलं टाकून धावली. "हे कुणाकुणाला घातलंय?"

"सगळ्यांना. मी स्वतः घातलंय, एकेकीला जवळ घेऊन."

"याच बाटलीनं? अहो, मग सगळ्यांचे डोळे पुसलेला रुमालच झाला की हा! बाळाला डॉक्टरांना दाखवू."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे त्या पोरींना मीच..."

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे, अजून अर्धी भरलेली. फुकट जातंय म्हणून मला कुणी उचलू नका, हात जोडते. बाळ मघापासून रडतंय. मावशींनी साबण लावून लावून हात धुतलेत, तरी नातीला घ्यायला त्या धजत नाहीत. हात पाठीमागे धरून दारातच उभ्या आहेत.