मी असताना पाळण्यात वीट

मित्रांनो, मी एक वरवंटा आहे. जुना, काळा आणि सध्या भलताच चिडलेला. दगडाला राग येत नाही, असं मुळीच समजू नका.

अक्कलकोटकडच्या पाथरवटानं मला घडवलं आणि सोलापुरात भवानी पेठेतल्या सुंदरम्मानं मला विकत घेतलं. ती तेलुगू विणकराघरची. तिच्या पाट्यावर मी वर्षानुवर्षं मसाला वाटला आणि खरं सांगतो, तो बहुतेक मटणाचाच. आणखी एक मानाचं काम माझ्याकडे असे. बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी मला कुंची घालून पाळण्यात निजवत. बाळ माझ्यासारखं दणकट व्हावं म्हणून मी त्याचा थोरला भाऊ.

पुढे शेजारी बसव्वा राहायला आली. नवऱ्याला गिरणीत काम लागलं म्हणून कर्नाटकातून आलेली. ओळखीचं कुणी नाही, मराठी धड येत नाही, पाटा-वरवंटा गावीच राहिलेला. तिच्या मल्लिकार्जुनाचं बारसं आलं तेव्हा ती सुंदरम्माच्या दाराशी घुटमळली.

"लेकराला पाळण्यात भाऊ पायजे की!" सुंदरम्मा म्हणाली. "ने ह्याला. परत नको देऊ. माझ्याकडं दुसरा हाय."

बसव्वाच्या घरी मटण चालत नसे. पण तिनं मला चिंचेनं घासलं, कुंची घातली आणि मटणाचं नावही काढलं नाही. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता बसव्वा पेठेत चांगली रुळली आहे. बहात्तरच्या दुष्काळात बार्शीकडच्या एका गावातून सारजाबाई नवऱ्याबरोबर समोरच्या खोलीत आली. डोक्यावरच्या गाठोड्यात पाटा कोण आणणार? परवा तिच्या मुलीचं बारसं होतं. ती आमच्या दारात आली.

"बसव्वाकाकू, वरवंटा द्या की. लगीच आणून देते."

"न्हाय बाई. तुमच्यात मटण शिजतंय. आमच्यात चालत न्हाय."

मी कोपऱ्यात नुसता धुमसत होतो. अगं, मी कुठल्या घरातून आलो ते विसरलीस?

शेवटी सारजाबाईनं रस्त्याकडेची अर्धी वीट धुऊन कुंचीत घातली. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. वडीलधारी म्हणून बसव्वालाच पुढे केलं. वीट हातात घेताना ती क्षणभर थबकली, मग तिनं ती पाळण्यात निजवली. निघताना सारजाबाईनं तिच्या पदरात घुगऱ्या घातल्या. त्या तिनं घरी येऊन खाल्ल्या. त्यांचं पातेलं चाललं, माझं तिकडे जाणं तेवढं चाललं नाही!

दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला बसली तेव्हा मला हातात धरून ती सारजाबाईच्या दाराकडे बघत राहिली. आता उठेल, समोर जाईल, असं मला वाटलं. तिनं पाट्यावर शेंगदाणे टाकले आणि वाटायला लागली.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी नवीन आलं आणि दारात येऊन काही मागितलं, तर द्या. हवं तर आधी धुवा, नंतर धुवा, चिंचेनं घासा. मी तांब्याभर पाण्यानं स्वच्छ होतो. त्या पोरीला भाऊ म्हणून वीट मिळाली आणि मी तिच्या दारासमोरच, बसव्वाच्या घरात रिकामा पडून होतो.