यादीतली शेवटची ओळ

ऐका ना, आधीच सांगते, हसायचं नाही हं. माझी धाकटी बहीण माझ्याच ऑफिसात लागली. माझ्याच! जगात दुसरं ऑफिस नव्हतं? आणि आली ती आली, वर सगळ्यांसमोर मला 'ताई, ताई' करायला लागली. आठवड्याभरात अख्खं ऑफिस मला ताई म्हणायला लागलं. तो टक्कल पडलेला टेस्टरसुद्धा!

आमचं काम माहितीय ना तुम्हाला? शाळांची निकालपत्रं छापायचं सॉफ्टवेअर. म्हणजे एक साचा असतो, त्यात रिकाम्या जागा असतात, त्यात नाव भरा, गुण भरा, झालं निकालपत्र. आणि साच्याला जे जमत नाही ते करायला प्लगइन. गुण अक्षरात लिहायचं प्लगइन माझं. तीन वर्षांपूर्वी मी एकटीने बसून शंभर शब्द टाइप केलेत. त्याचं नाव 'अक्षरी'. चाळीस साच्यांमध्ये ते वापरलंय. माझं लेकरूच म्हणा ना.

तर धाकटीने येऊन महिना झाला नाही तोच म्हणते कशी, "ताई, तुझ्या 'अक्षरी'ला अर्धा गुण कळत नाही गं. साडेबहात्तर दिले की नुसतं बहात्तर लिहितं."

"अर्धे गुण कोण देतं?"

"आपल्याकडे ती नवीन शाळा येतेय ना, ती देते."

आणि दोन दिवसांत हिचं नवीन प्लगइन तयार. नाव तेच ठेवलं, 'अक्षरी', म्हणजे चाळीस साच्यांना हात लावायला नको. साहेब खूश! "जुनं काढू नकोस, असू दे. यादीत त्याच्याखाली तुझं टाक." कारण आमच्याकडे असं आहे, सेटिंगच्या फाइलमध्ये प्लगइनची यादी असते, सिस्टम चालू होताना ती वरून खाली एकेक लोड होतात, आणि दोघांचं नाव एकच असेल तर खालचं जिंकतं. गुपचूप. सिस्टम 'अगं, तुला काढलं हं' एवढंसुद्धा म्हणत नाही.

पोटात असं दुखलं ना! त्यातून साहेब म्हणाले, शुक्रवारी नवीन शाळेच्या परीक्षा विभागाच्या बाई बघायला येतायत, त्यांना आवडलं तर त्या शाळेचं सगळं काम धाकटीकडे. मी तीन वर्षं अशा कामाची वाट बघत होते. घरी आई वेगळीच. "धाकटी किती पटकन रुळली नाही?" मी म्हटलं, "हो ना, भिंतीवरच्या पालीसारखी."

शुक्रवारी सकाळी सगळे बाईंना घ्यायला खाली गेले. मी वर एकटी. फाइल उघडली, माझी ओळ उचलली आणि तिच्या ओळीखाली टाकली. सिस्टम बंद करून परत चालू केली. बस्स. वाटलं, बघू आता, साडेबहात्तरच्या जागी बहात्तर आलं की कसा भाव खाते ती.

बाई आल्या. आपल्याच शाळेतल्या मुलांचे गुण घेऊन आलेल्या. पहिली वीस निकालपत्रं छापली, त्या चष्मा वर करून एकेक बघतायत. मधेच थांबल्या. "अरे वा! पेपरला न बसलेल्या मुलीसमोर 'गैरहजर' लिहून आलंय. आमच्या जुन्या सिस्टममध्ये शून्य यायचं, मग आईबाप भांडायला यायचे. हे कुणाला सुचलं?"

साहेबांनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "हिला!"

आणि मी? ते माझं होतं हो! गुणांच्या जागी आकडाच नसेल तर 'गैरहजर' लिही, हे मी घातलेलं! पण बोलणार काय? तोंड उघडलं तर सकाळचा उद्योग बाहेर. नुसता जळफळाट. तिचं कौतुक व्हायला नको म्हणून मी माझं खाली टाकलं, आणि माझंच कौतुक तिच्या पदरात!

धाकटी कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही सर. हे मी नाही केलं. ते ताईच्या प्लगइनमध्ये आहे."

म्हणजे आता मनाचा मोठेपणाही तिच्याकडेच! मी म्हटलं, देवा, काहीतरी मला ठेव की.

तेवढ्यात पुढचा कागद आला. बाईंच्या कपाळाला आठ्या. "साडेबहात्तर दिलेत आम्ही. अर्धा गुण कुठे गेला?"

साहेबांचा चेहरा पडला. "अगं, तू तर म्हणाली होतीस जमतं म्हणून!"

"जमतं सर. काल जमत होतं." तिचा आवाज असा झाला, लहानपणी पाढे चुकल्यावर व्हायचा ना, तसा. आणि ते पाढे घेणारी कोण, तर मीच. ती माझ्याकडे बघेना, स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधायला लागली. तिच्या डोक्यातही आलं नाही की ताई असं करेल.

मला बघवेना. म्हटलं, "कोड सोड. यादी बघ. माझी ओळ मी खाली टाकलीय. सकाळी."

टेस्टर चहा प्यायचा थांबला.

ओळ वर नेली, सिस्टम परत चालू केली, साडेबहात्तर आलं. पण गैरहजर मुलीला शून्य! मग धाकटीने तिथल्या तिथे तिच्या प्लगइनला सांगितलं, आकडा नसेल तर आधीच्या 'अक्षरी'ला विचार. पाच मिनिटांत दोन्ही बरोबर. बाई खूश होऊन गेल्या.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. "काम धाकटीकडे. तू तिला लागेल ती मदत करायची."

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "ताई, मागितलं असतंस तर दिलं असतं मी काम."

"तेच तर नको होतं ना, माकडे."

सोमवारी फाइल उघडली तर दोन ओळींच्या वर तिने टीप लिहिलेली: 'हा क्रम बदलू नये. का, ते ताईला विचारा.'

झालं. आता ऑफिसात जो कुणी नवीन येतो तो पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी येतो. "ताई, ते यादीचं काय आहे?" चार वेळा सांगून झालंय माझं हे. तुम्ही पाचवे. आणि खरं सांगू? अजूनही ती फाइल उघडली ना, की तिची ओळ खाली बघून हात शिवशिवतो.