आठवा परवाना

आमच्या शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली, तेव्हा माझ्या आईने केक केला होता. हे मी मुद्दाम आधीच सांगते. पुढची हकीकत ऐकली की लोक हटकून विचारतात, "मग तेव्हा तुम्ही विरोध का नाही केलात?" विरोध कसला करणार? ही बंदी यावी म्हणून आईच दोन हिवाळे घरोघर सह्या मागत फिरली होती.

तिचं नाव इर्मा. तिने आयुष्यात कधी सिगरेट ओढली नाही. एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती सव्वीस वर्षं कामाला होती आणि आम्ही राहायचो शहराभोवतीच्या मोठ्या हमरस्त्याला लागून असलेल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. सकाळी खिडकीच्या चौकटीवरून ओलं फडकं फिरवलं, तरी संध्याकाळी फिरवलेलं फडकं पुन्हा काळं निघायचं. साठीत तिला फुप्फुसांचा आजार निघाला. तळमजल्यावरच्या नाइमाच्या मुलीला दमा. सह्यांना त्या दोघी मिळून जायच्या. आई प्रत्येक जिन्यात मधेच बसायची, दम खायची आणि मग उरलेल्या पायऱ्या चढायची. धापा टाकणारी बाई दारात बघून माणसं मुकाट सही करायची.

"तुम्ही काही बोलूच नका इर्मा," नाइमा म्हणायची. "नुसत्या खोका. कागद मी पुढे करते."

बाबानेही सही केली. माझा बाबा, फॉन्स, चौतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. घरासमोर आमची मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली मोठी गाडी, उभी असायची. डिझेलची, एकोणीस वर्षांची, सुरू करताना पिंप भरेल एवढा धूर ओकणारी.

"फॉन्स, ही सही तुमच्या त्या धुराड्यालाही लागू होणार बरं का," नाइमा म्हणाली.

"होऊ दे की. आपल्याकडे असलं काही व्हायला वीस वर्षं लागतात. तोवर ती भंगारात आणि मी मातीत."

चार वर्षं लागली. चौकाचौकांत गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे बसले आणि गाडी शहराबाहेर काढावी लागली. बाबाने तासाभराच्या अंतरावर एका शेतकऱ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेतली. दर शनिवारी तो बसने तिकडे जायचा, गाडी सुरू करून बघायचा, काचा पुसायचा आणि परत यायचा. तक्रार त्याने केली नाही. आई मात्र त्याच्यासमोर या विषयावर गप्प असायची, जणू त्याची एखादी वस्तू तिच्या हातून फुटली होती.

त्या गाडीचं आणि आमचं काय होतं, ते सांगायला हवं. दर उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जायचो. वाळूच्या टेकड्यांमागचा तंबू-गाड्यांचा एक तळ, त्यातही कोपऱ्यातली तीच जागा. बाबा संध्याकाळी भांडंभर कोळंबी घेऊन दारात बसायचा आणि सोलून सोलून आईच्या बशीत टाकायचा. आजार वाढला तसा त्याने आतला पलंग उंच केला, अशा बेताने की उशीवर डोकं टेकलं की तोंडासमोर खिडकी यावी. तिथे आईला श्वास यायचा. डॉक्टर म्हणायचे, समुद्राच्या हवेने फुप्फुसं काही बरी होत नाहीत. नसतील होत. पण घरी दोन वाक्यांनंतर थांबणारी माझी आई तिथे शेजारच्या तंबूतल्या बायकांशी अर्धा अर्धा तास भांडायची.

बंदीनंतरची तीन वर्षंही निभावली. मी माझ्या छोट्या गाडीतून आईला शेडपर्यंत न्यायचे आणि तिथून पुढे ते दोघं जायचे. चौथ्या वर्षी ते जमेना. आईला आता अर्धवट पडूनच राहावं लागायचं, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. माझ्या गाडीत तासभर ताठ बसणं आणि मग पुन्हा उतरून चढणं तिच्याने होणार नव्हतं.

"जायचं तर जाऊ द्या त्यांना," फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकदाच उचलायचं. घरातल्या पलंगावरून थेट गाडीतल्या पलंगावर."

म्हणजे गाडी दारात यायला हवी.

मी म्हणाले, समुद्रावर आजारी माणसांसाठी हॉटेलं असतात. आईने मान हलवली. "रात्रभर माझा खोकला ऐकून शेजारचे भिंत बडवतील. मला नको."

बाबाने पालिकेत फोन केला. फोनवरची मुलगी फार चांगली होती. चांगली होती म्हणूनच जास्त वाईट वाटलं. कोणावर ओरडायचीही सोय नव्हती. अपंगांना कायमची सवलत आहे, ती म्हणाली, पण त्यासाठी कार्ड लागतं, कार्डासाठी तपासणी लागते आणि तपासणीची तारीख डिसेंबरातली. तोवर एकेका दिवसाचा परवाना घ्या. वर्षाला आठ मिळतात. मध्यरात्र ते मध्यरात्र. "मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं," असंही ती म्हणाली.

आठ म्हणजे पुष्कळ, असं आम्हाला वाटलं होतं.

मे महिन्यात बाबाने पहिला परवाना काढला. गाडी दारात आली आणि त्याच सकाळी आईला ताप भरला. संध्याकाळी बाबा रिकामी गाडी परत नेऊन ठेवून आला. दुसऱ्या वेळी ऑक्सिजनचं यंत्रच बिघडलं. तिसऱ्या वेळी ती तयार होऊन, केस विंचरून बसली होती, पण पलंगावरून पाय खाली सोडताच तिचा चेहरा राखेसारखा झाला. असं करत करत सप्टेंबर उजाडला. सात वेळा गाडी आली आणि सात वेळा रिकामी गेली. गल्लीतली माणसं आता त्या गाडीकडे बघून नजर फिरवायची.

आठवा परवाना काढताना मी विचारलं, "बाबा, आणि परत कसं आणायचं? परतीला परवाना उरत नाही."

बाबाने आईकडे पाहिलं.

"परतीचं मग बघू," आई म्हणाली.

तो गुरुवार होता. दारासमोरची जागा अडवायला बाबाने आदल्या दिवशीच रस्त्यात दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. आठ वाजता गाडी आली. नाइमाने सुपाचं भांडं आणलं आणि उचलायला म्हणून आपल्या भावाला, ड्रिसला, बोलावलं. पलंगावर नवी चादर घातली. आई त्या दिवशी खरंच बरी होती. "सावकाश रे," ती ड्रिसला म्हणाली, "मी पियानो नाही, पण आवाज मीही करते." बाबा आणि ड्रिसने तिला खुर्चीत बसवून उचललं, यंत्र माझ्या हातात, आणि आम्ही जिना उतरू लागलो.

जिना वळतो तिथे तिचे ओठ निळे झाले. ड्रिसने आधी पाहिलं. "खाली ठेवा," तो म्हणाला, "खाली ठेवा आधी." तिला तिथेच पायरीवर टेकवलं. बाबा मागून तिची पाठ धरून बसला. समोर दार उघडं होतं आणि दारातून गाडी दिसत होती, तिचंही दार उघडं, आतल्या पलंगाची पांढरी चादर दिसेल इतकं जवळ. सात पायऱ्या आणि फुटपाथ. रुग्णवाहिका येईपर्यंतची अकरा मिनिटं आई तिकडेच बघत होती.

दुपारी चारपर्यंत तिला वॉर्डात आणलं. तोंडावर मास्क, दंडाला सुया. डॉक्टर म्हणाले, किती दिवस ते आत्ता सांगता येणार नाही. बाबा पलंगाच्या कडेला टोपी हातात घेऊन बसला होता. थोड्या वेळाने आईने मास्क बाजूला केला.

"गाडी," ती म्हणाली.

"राहू दे गाडी," बाबा म्हणाला. "दारात उभी आहे. तू बरी झालीस की निघू."

"आज... बाहेर काढायला हवी."

मी म्हणाले, "आई, उभी गाडी काही धूर सोडत नाही. ज्या दिवशी निघू त्या दिवशी एकदा दंड बसेल, तो भरू. संपलं. आज बाहेर काढली तर जानेवारीपर्यंत आत आणता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

ती बराच वेळ श्वास गोळा करत होती. "मी लोकांच्या दारात गेले होते, ग्रीट. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने व्हॅन विकली... माझ्या सहीच्या कागदामुळे. त्याला काय सांगू? माझी गाडी वेगळी?"

"त्याने तुला कधी बोल लावला का?"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि बाबाकडे वळली. "फॉन्स. जा ना."

बाबा उठला नाही. चौतीस वर्षांत एकदाही सिग्नल न मोडलेला हा माणूस, पण त्या दिवशी तो कुठलाही कायदा मोडायला तयार होता. फक्त तिने हो म्हणायला हवं होतं. "इर्मा," तो म्हणाला, "मला इथे बसू दे."

"उजेड आहे तोवर जा. तुला संध्याकाळी नीट दिसत नाही."

तिने स्वतःच मास्क परत चढवला. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ. बाबाने टोपी घातली, मला म्हणाला, "हिचा हात धर," आणि गेला. खिडकीतून मला तो ट्रामच्या थांब्याकडे जाताना दिसला. मधेच थांबला, मागे वळला, पुन्हा चालू लागला.

मी आजही ठरवू शकत नाही, तिचा तो हट्ट तत्त्वाचा होता की आपण आता समुद्रावर जाणार नाही हे तिला कळून चुकलं होतं आणि दारात उभ्या गाडीकडे रोज बघणं तिला बाबाला सोसायला लावायचं नव्हतं. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाबा गाडी शेडमध्ये लावून गावातल्या शेवटच्या बसने परतला. आठ वाजता तो वॉर्डात आला तेव्हा औषधाने आई झोपली होती. त्याच्या हातात नाइमाचं सुपाचं भांडं होतं. गाडीतच राहिलेलं, मांडीवर धरून बसमधून आणलेलं. आम्ही ते गार सूप बाहेरच्या बाकावर बसून प्यायलो.

"नीट लागली का गाडी?" मी विचारलं.

"लागली."

"बॅटरी काढलीस?"

"काढली." मग म्हणाला, "वाटेत सगळे सिग्नल हिरवे मिळाले. एकही थांबा नाही."

आई तीन आठवड्यांनी घरी आली. पलंग खिडकीशी सरकवला. त्या हिवाळ्यात ती बरेचदा खिडकी फटभर उघडायला लावायची. हवा खरंच सुधारली होती. नाइमाच्या मुलीचं औषध अर्ध्यावर आलं होतं आणि फडकंही पूर्वीसारखं काळं होत नव्हतं. "बघ," आई मला म्हणायची, "बघ, वास नाही." मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

डिसेंबरात तपासणी झाली आणि जानेवारीच्या शेवटी कार्ड आलं. त्यावर आईचा फोटो होता. बाबाने ते तिला दाखवलं. तिने चष्मा मागून घेतला, फोटो पाहिला आणि म्हणाली, "किती म्हातारी दिसते मी." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, बाबा कॉफी करत असताना ती गेली.

मोटरहोम वसंतात विकली. घेणारा दूर दक्षिणेकडचा होता. त्याच्या शहरात अजून कोणी गाडीचं वय विचारत नाही, असं तो म्हणाला. बाबाने त्याला दुसरा गिअर कसा टाकायचा ते दोनदा दाखवलं, आतला उंच पलंग दाखवला. "एवढा उंच कशाला?" त्या माणसाने विचारलं. "काढून टाकता येईल ना?"

"चार स्क्रू आहेत," बाबा म्हणाला आणि त्याला पेचकस दिला.

मी त्याला कितीदा म्हणते, चल बाबा, माझ्या गाडीने समुद्रावर जाऊन येऊ, संध्याकाळपर्यंत परत. तो नाही म्हणत नाही. "बघू," म्हणतो आणि पेपरचं पान उलटतो. शनिवारी मात्र अजून त्याला घरात करमत नाही. सकाळीच कोट चढवतो, दारापर्यंत जातो, मग आठवतं त्याला, आणि तो कोट घालूनच खुर्चीत बसून राहतो.